खडकातले पाणी आणि सातबारा

20 मार्च हा दिवस आपल्याला महाडमुळे ठाऊक आहे. 1927 साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बरोबर 95 वर्षांनी, 20 मार्च 2022 रोजी, दिल्लीत 36 व्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे उद्घाटन झाले. कोरोनामुळे लांबलेली ही परिषद 1964 नंतर दुसऱ्यांदा भारताच्या वाट्याला आली होती. तारखा जुळल्या हा योगायोग. पण त्यानिमित्ताने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पृथ्वी आणि हवामान यांविषयी शास्त्रज्ञ परिषदांमधून जे मांडतात, ते गावकुसाबाहेरच्या रिकाम्या हंड्यापर्यंत पोहोचते काय?

नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचेच उदाहरण घेऊ. हा पर्जन्यछायेतला, कायम दुष्काळी तालुका. पाऊस वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास. खाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसाल्ट खडक. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला लांबून लोक येतात. ते कोणा देवाने कोरलेले नाहीत. पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षे घासून ते घडवले. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी सांगितलेले सत्य तिथे दगडात दिसते. या खडकाचा दुसरा गुण असा की, तो पाणी धरतो ते फक्त वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस हळूहळू पडला तरच ते मुरते. धो धो पडला तर माती घेऊन वाहून जाते.

आणि नेमका पाऊसच बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यातून दिसले. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. त्याच काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटले. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथून येणाऱ्या बाष्पाचे झोत कमी वेळात जास्त पाऊस ओततात. म्हणजे कोरडे दिवसही वाढणार आणि पूरही येणार.

यावर उपाय म्हणून पाणलोटाकडे बोट दाखवले जाते. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 नंतर नालाबांध, चर, पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी चढले. ते काम नाकारायचे कारण नाही. पण विहिरींना चढलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न उरतोच. खडकाखालचे पाणी सातबारा पाहून वाहत नाही. कायदा मात्र सातबाराच पाहतो. इंग्रजांच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे, हीच रीत चालत आली. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांना संरक्षण दिले, उपशावर बंधने घातली. पण भूमिहीनाला शेतीच्या पाण्यात वाटा दिला नाही. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत आणि 2015-16 च्या कृषिगणनेनुसार त्यांच्या वहिवाटीची जमीन 9 टक्क्यांहूनही कमी आहे. चर खणायला, बांध घालायला मजूर म्हणून आम्ही चालतो. पाणी आले की त्यावर हक्क विहीरवाल्याचा. तळे बाटण्याची भाषा गेली, तरी पाणी मिळत नाही ते नाहीच.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयीच्या परिषदेत त्यांनी तज्ज्ञांना खडे बोल सुनावले. जादा पाणी हे संकट नव्हे, ती जनतेची संपत्ती आहे. निसर्गाला दोष देण्याऐवजी ती साठवा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. जनतेची, जमीनदारांची नव्हे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हे तत्त्व प्रत्यक्षात आणून दाखवले. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर मोजले आणि भूमिहीनांचाही हक्क मान्य केला. जे नायगावला जमले, ते पारनेरला का जमू नये?

मागणी साधी आहे. सरकारी पैशाने जिथे पाणलोटाचे काम होईल, तिथे वाढलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा आधी ठरवा आणि मगच कुदळ मारा. भूजल पातळीच्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवा. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनीही केवळ स्पर्धा परीक्षांच्या रांगेत न थांबता भूशास्त्र, हवामानशास्त्र शिकावे. परिषदांमध्ये पाण्यावर बोलणारा कोणी आपल्या वस्तीतलाही असला पाहिजे. महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवायला गेलो होतो. आता पाण्यात वाटा मागायचा आहे.