विश्लेषण : मानव विकासात पुढे असलेल्या सिंधुदुर्गाला उपचारांसाठी गोवा का गाठावा लागतो?

मालवण किंवा देवगडमध्ये रुग्णाची प्रकृती गंभीर झाली की नातेवाईकांच्या तोंडी एकच नाव येते, बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय मालवणपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर, दुसऱ्या राज्यात आहे. शिकलेल्या, तुलनेने सुस्थितीतील जिल्ह्यावर ही वेळ का येते?

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक, तर दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९० पासून आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवर देशांना जोखतो. महाराष्ट्रानेही जिल्ह्यांची अशी मोजणी केली. त्यात नंदुरबार तळाशी होता, सिंधुदुर्ग बराच वर. पण स्त्रियांचे जास्त प्रमाण हे केवळ चांगल्या आरोग्याचे लक्षण नाही. कमावते पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले, हेही त्याचे कारण. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मागे राहिलेल्यांत वृद्ध बरेच, म्हणजे हृदयविकार, अर्धांगवायू, मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका ज्यांना अधिक. सरासरी आयुर्मान निर्देशांकात दिसते. मध्यरात्री छातीत कळ आली तर हृदयरोगतज्ज्ञ किती तासांवर आहे, हे त्यात दिसत नाही.

गोवा पुढे कसा?

गोव्यात वैद्यकीय शिक्षण पोर्तुगीज काळात, १८४२ मध्ये सुरू झाले. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि त्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १०० जागांसह परवानगी मिळाली ती थेट २०२१ मध्ये. गोवा लहान आणि दरडोई उत्पन्नात देशात आघाडीवर. सिंधुदुर्ग मात्र मोठ्या राज्याचे दक्षिण टोक. मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर.

शुल्काचा वाद काय होता?

१ जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले आणि दोडामार्गात आंदोलन पेटले. गोव्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती, रुग्णालय तेथील करदात्यांच्या पैशांवर चालते. पण दोडामार्ग, सावंतवाडीतील अनेक तरुण गोव्यातच राबतात, हेही खरे. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्च भागवण्याचा मार्ग काढावा लागला.

जगाचे चित्र वेगळे आहे का?

फारसे नाही. जपानमध्ये सरासरी आयुर्मान सुमारे ८४ वर्षे, नायजेरिया आणि चाडमध्ये ५५ च्या आसपास. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले की, जिथे उपचारांची गरज सर्वाधिक, तिथेच चांगली सेवा कमी मिळते. अर्थात पैसा हे एकमेव उत्तर नाही. श्रीलंका आणि केरळने मर्यादित उत्पन्नातही बालमृत्यू रोखून दाखवले. दुसरीकडे, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून आढळलेला माकडताप जंगलात आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठतो. अशा आजारांच्या औषधांत मोठ्या कंपन्यांना फारसा बाजार दिसत नाही.

आता काय?

महाविद्यालय झाले म्हणजे तज्ज्ञ आले असे होत नाही. मुंबई-पुण्यातील खासगी कमाई सोडून ओरोसला येणाऱ्या डॉक्टरला निवासस्थान, मुलांसाठी शाळा आणि चालू यंत्रसामग्री लागेल. हृदयशस्त्रक्रिया, मेंदूविकार, डायलिसिस यांच्या किती जागा भरल्या आणि किती रुग्ण अजूनही बांबोळीला धाडावे लागतात, हे दोन आकडे दरवर्षी जाहीर झाले तर प्रगती निर्देशांकाशिवायही कळेल.