घरकामाची वही

शुक्रवारची दुपार. जर्मनीतल्या एखाद्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आवराआवर झालेली असते आणि एक विद्यार्थिनी कोपऱ्यातल्या टेबलाशी वही उघडून बसते. आठवडाभरात काय केलं आणि काय शिकले, ते तिला लिहायचं असतं. सोमवारी ६० जणांच्या जेवणाचा हिशेब, मंगळवारी स्नानगृहांची सफाई, बुधवारी शाळेत कापडांचे तंतू, गुरुवारी चादरींची धुलाई. लिहून झालं की तिला शिकवणाऱ्या बाई वही वाचतात आणि खाली सही करतात. अशी सह्या असलेली वही दाखवल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत.

ती शिकते आहे त्या व्यवसायाचं जर्मन नाव हाउसविर्टशाफ्ट. हाउस म्हणजे घर. विर्टशाफ्ट म्हणजे अर्थव्यवस्था. देशाच्या अर्थव्यवस्थेलाही जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. मराठीतही राज्याचा कारभार असतो तसा घराचाही कारभारच असतो. तरी घरकामाचं रीतसर शिक्षण म्हटलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘त्यात शिकायचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर त्या मुलीच्या तीन वर्षांतून सावकाश फिरून यायला हवं.

प्रवेश आणि पगार

या शिक्षणाची सुरुवात करारापासून होते. विद्यार्थी एखाद्या संस्थेशी प्रशिक्षणाचा करार करतो. ती संस्था वृद्धाश्रम असेल, रुग्णालय असेल, युवा वसतिगृह असेल किंवा पाहुण्यांना उतरवणारं शेतघर. काम तिथे शिकायचं आणि त्यामागचं शास्त्र व्यवसायशाळेत. शाळा आठवड्यातून एक-दोन दिवस असते किंवा सलग काही आठवडे भरते. काही राज्यांत पहिलं वर्ष बहुतांशी शाळेतच जातं. सुतार, नळकाम करणारे, बँक कर्मचारी हे सगळे याच दुहेरी पद्धतीने शिकतात. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने तिला देशभर एक चौकट दिली.

करार झाला की दरमहा विद्यावेतन सुरू होतं. त्याची किमान रक्कम कायद्यानेच ठरते. २०२५ मध्ये प्रशिक्षण सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६८२ युरो, दुसऱ्या वर्षी ८०५ आणि तिसऱ्या वर्षी ९२१ युरो, असा तो हिशेब आहे. घर सोडून दुसऱ्या गावी खोली घ्यावी लागली तर यातला मोठा वाटा भाड्यात जातो. म्हणून पुष्कळ मुलंमुली आईवडिलांकडेच राहतात. दूर राहावंच लागलं तर सरकारी साहाय्य मागता येतं.

घरकाम शिकवणाऱ्या शाळा तिथे जुन्या आहेत. इडा फॉन कोर्त्सफ्लाइश या बाईंनी १८९७ मध्ये हेसेन प्रांतातल्या नीडर-ओफ्लायडेन गावी मुलींसाठी ग्रामीण गृहव्यवस्थेची शाळा काढली. त्यांच्या शाळांची पुढे एक मालिकाच उभी राहिली आणि ती रायफेनस्टाइन शाळा म्हणून ओळखली गेली. आजचा अभ्यासक्रम मात्र खूप वेगळा आहे. त्याचे सध्याचे नियम १ ऑगस्ट २०२० पासून लागू झाले आणि तो मुलामुलींना सारखाच खुला आहे.

१५ किलो बटाटे

स्वयंपाकघरात जाण्याआधी साथरोगप्रतिबंधक कायद्यानुसार आरोग्य खात्याकडून स्वच्छतेची रीतसर समज घ्यावी लागते. हातात अंगठी नको, नखांना रंग नको, पायांत न घसरणारे बूट हवेत. यानंतरचा पहिला मोठा धडा मात्र हिशेबाचा असतो.

समजा, ६० जणांचं जेवण आहे आणि माणशी २०० ग्रॅम सोललेले बटाटे लागणार आहेत. म्हणजे एकूण १२ किलो. सालं आणि डाग काढण्यात पाचवा हिस्सा जातो असं धरलं, तर बाजारातून किती आणायचे? नवखा विद्यार्थी १२ किलोंवर २० टक्के चढवून १४ किलो ४०० ग्रॅम लिहितो. त्यातला पाचवा हिस्सा गेला की उरतात ११ किलो ५२० ग्रॅम, आणि शेवटच्या दोघांना बटाटा मिळत नाही. घट धरायची ती आणलेल्या मालावर, म्हणून १२ ला ०.८ ने भागायचं. उत्तर येतं १५ किलो.

आपल्या घरी हाच हिशेब ‘अजून दोन टाक’ एवढ्यात उरकतो आणि बहुतेक वेळा बरोबरही येतो. तो अंदाज म्हणजे वर्षानुवर्षांचं ज्ञानच आहे. अडचण एवढीच, की पाच माणसांचा अंदाज ६० माणसांना पुरत नाही आणि तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. कागदावर मांडलेला हिशेब देता येतो.

तपमानाचंही तसंच. ‘शिजलं’ हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. मांसाच्या तुकड्याच्या मध्यभागी तापमापी खुपसून तिथे ७० अंश सेल्सियस निदान दोन मिनिटं टिकलं का, ते बघायचं. वाढेपर्यंत अन्न कोमट होऊ द्यायचं नाही, कारण कोमट अन्नात जंतू सर्वांत वेगाने वाढतात. प्रत्येक पदार्थाचा छोटा नमुना डब्यात बंद करून तारीख घालून गोठवून ठेवतात. पुढे कुणाचं पोट बिघडलं तर कारण शोधता येतं. शिवाय युरोपीय नियमांनुसार शेंगदाणे, दूध, अंडी, तीळ, मोहरी अशा १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती खाणाऱ्याला द्यावी लागते. विद्यार्थिनीला ही यादी पाठ असावी लागते.

करपलेलं पातेलं

सफाईचा धडा एका वर्तुळापासून सुरू होतो. हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये ते मांडलं. कुठलीही सफाई चार गोष्टींनी होते: रसायन, घासण्याचा जोर, तपमान आणि वेळ. चारही मिळून वर्तुळ पूर्ण व्हायला हवं. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो.

दूध करपलेलं पातेलं घ्या. लगेच घासायला बसलं तर हात दुखतात आणि पातेल्यावर ओरखडे पडतात. पाणी घालून रात्रभर ठेवलं तर सकाळी करपटलेला थर अलगद सुटतो, कारण जोराचा वाटा वेळेने उचलला. गरम पाणी घातलं तर एवढा वेळही लागत नाही. आपली आई हे नेहमीच करत आली. इथे विद्यार्थिनी तेच तत्त्व मोठ्या इमारतीला लावते. स्नानगृहाच्या फरशीवर द्रावण टाकून आधी दुसरं काम उरकायचं आणि मग परत यायचं, म्हणजे कंबर वाचते आणि रसायनही कमी लागतं.

रसायन कुठलं, याचंही कारण सांगता यावं लागतं. नळावरचा पांढरा थर क्षारांचा असतो. तो साबणाने जात नाही, त्याला सायट्रिक ॲसिडसारखं आम्ल लागतं. चुलीवरचा तेलकट थर अल्कलीने निघतो. आम्ल संगमरवरावर सांडलं तर दगडच खाल्ला जातो. आणि क्लोरीनवालं ब्लीच व शौचालयाचं आम्ल कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही शेवटची गोष्ट जगातल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

मग फडकी. शौचालयाला लाल, बेसिन आणि टाइल्सना पिवळं, टेबलं-कपाटांना निळं ही तिथली रूढ वाटणी. हेतू एवढाच, की घाईतसुद्धा शौचालयाचं फडकं जेवणाच्या टेबलावर जाऊ नये. फडकं तीनदा दुमडलं की दोन्ही बाजू मिळून १६ स्वच्छ पृष्ठं मिळतात. एक पृष्ठ मळलं की पुढचं उलगडायचं. पुसायचं वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून मळलेल्या भागाकडे. मळलेलं फडकं बादलीत परत बुडवायचं नाही.

दोन दारांचं यंत्र

धुलाईघराच्या मळक्या बाजूने कपडे येतात आणि स्वच्छ बाजूने बाहेर पडतात. मोठ्या ठिकाणी या दोहोंमध्ये भिंत असते आणि धुलाईयंत्र त्या भिंतीतच बसवलेलं असतं. मळक्या बाजूच्या दाराने कपडे आत घालतात आणि पलीकडच्या दाराने काढतात. त्यामुळे धुतलेल्या चादरीला मळक्या खोलीची हवासुद्धा लागत नाही.

कपड्याच्या आतल्या पट्टीवरच्या खुणा विद्यार्थिनी अक्षरांसारख्या वाचायला शिकते. टबमधला आकडा पाण्याचं कमाल तपमान सांगतो, त्रिकोण ब्लीचबद्दल आणि चौकोन वाळवण्याबद्दल. इस्त्रीतले ठिपके उष्णता सांगतात: एक ठिपका म्हणजे सर्वांत कमी, तीन म्हणजे सर्वांत जास्त. वृद्धाश्रमात प्रत्येक कपड्यावर मालकाच्या नावाची पट्टी शिवलेली असते. आयुष्यभराचं घर सोडून एका खोलीत राहायला आलेल्या आजींना त्यांचाच स्वेटर, न आटता, परत मिळणं किती मोलाचं असतं, हे तिला इथे कळतं.

हातांची आठवण

या व्यवसायाचा सर्वांत मोलाचा भाग मला माणसांशी वागण्यात दिसतो. नव्या नियमांनुसार विद्यार्थ्याला तीनपैकी एक भर निवडता येतो: माणसांची काळजी, पाहुण्यांची सेवा किंवा ग्रामीण-शेतकी क्षेत्र. भर कुठलाही असला तरी माणसांशी वागणं सगळ्यांनाच शिकावं लागतं. जखम बांधणं किंवा औषध देणं हे परिचारिकेचं काम. गृहव्यवस्थापकाचं काम रोजचा दिवस जगण्याजोगा ठेवणं.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींसमोर विद्यार्थिनी सफरचंदांचं टोपलं आणि सोलायची सुरी ठेवते आणि शेजारी बसते. तिने एकटीने ती सफरचंदं चौपट वेगाने चिरली असती. पण उद्देश सफरचंदं चिरण्याचा नसतोच. नातवंडांची नावं विसरलेल्या बाईच्या हातांना साल काढण्याची वळणं आठवत असतात, आणि त्या अर्ध्या तासात ती कुणाच्या तरी उपयोगी पडत असते. माणसासाठी सगळं करून टाकू नये, त्याला जमेल तेवढं त्याच्याकडे राहू द्यावं, हे इथे तंत्र म्हणून शिकवलं जातं.

परीक्षा, आणि बाजूचं दार

मधल्या काळात एक परीक्षा आणि शेवटी अंतिम परीक्षा. लेखी पेपर असतात आणि दिलेलं काम आखून, वेळेचं कोष्टक मांडून प्रत्यक्ष करून दाखवायचं असतं. मग परीक्षक विचारतात: हेच आधी का केलं? हा पदार्थ का निवडला? तीन वर्षांत शिकलेलं सगळं त्या ‘का’च्या उत्तरात येतं. पुढे अनुभव घेऊन माइस्टर ही व्यावसायिक पात्रता मिळवता येते, आणि जर्मनीच्या पात्रता-चौकटीत ती विद्यापीठाच्या बॅचलर पदवीच्या बरोबरीने सहाव्या पातळीवर आहे.

या व्यवस्थेला एक बाजूचं दारही आहे. ज्याने हा करार कधी केला नाही, पण साडेचार वर्षं हे काम केलं आहे, तो थेट अंतिम परीक्षेला बसू शकतो. स्वतःचं भरलेलं घर चालवलेली वर्षंही अनेक ठिकाणी या अनुभवात धरली जातात. मुलं मोठी झाल्यावर कित्येक बायका या दाराने आत येतात. घरात राबलेल्या वर्षांनाही तिथे काम मानलं जातं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन व्यवसायशिक्षणाची चौकशी आपल्याकडे वाढली आहे. ज्यांना हा रस्ता धरायचा असेल, त्यांनी आधी भाषा पक्की करावी. साधारण बी-वन पातळीचं जर्मन लागतंच, आणि पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ते शिकता येतं.

पण ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांनीही त्या शुक्रवारच्या वहीचा विचार करावा. आपल्या घरात रोज घटीचा हिशेब होतो, डागांचं रसायन ओळखलं जातं, आजारी माणसाचं पथ्य आणि मुलांची वेळ एकाच चुलीवर जुळवली जाते. ते दिसत नाही, कारण ते कुठे लिहिलेलं नसतं. एक आठवडा ते लिहून पाहावं: वार घालून, काय केलं आणि का केलं. मग घरातल्या बाकीच्यांनी ती वही पहिल्या पानापासून वाचावी आणि खाली सही करावी.