आधी शून्य, मग उत्तर

दहावीच्या मित्रमैत्रिणींनो, वर्गसमीकरण दिसलं की लगेच सूत्राकडे धावू नका. आधी ते सामान्य रूपात लिहा: अक्ष² + बक्ष + क = ०, आणि अ शून्य नको.

(क्ष + ३)(क्ष − २) = ६ हे बघा. बरेच जण क्ष + ३ = ६ आणि क्ष − २ = ६ असं लिहून मोकळे होतात. पण गुणाकार ६ आहे म्हणून एखादा अवयव ६ असेलच असं नाही. ही सोय फक्त शून्यापाशी आहे: गुणाकार शून्य, तर निदान एक अवयव शून्यच. म्हणून कंस सोडवा: क्ष² + क्ष − ६ = ६. सगळं डावीकडे आणा: क्ष² + क्ष − १२ = ०. म्हणजे (क्ष + ४)(क्ष − ३) = ०, उत्तरं −४ आणि ३. इथे अ = १, ब = १, क = −१२. ते वजा चिन्ह सांभाळा, सूत्रात गुण तिथेच जातात!

(क्ष + १)² = क्ष² + ५ मध्ये तर क्ष² उडूनच जातं. ते वर्गसमीकरण नाहीच.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने समीकरणांचे सहा वेगळे प्रकार मांडले, कारण त्याचे सहगुणक धनच असत. ऋण संख्या आणि शून्य स्वीकारल्यामुळे आपलं काम एकाच रूपात भागतं. मला हे फार सुंदर वाटतं.

आता तुम्ही करा: २क्ष(क्ष − ४) = ३ − क्ष². अ, ब, क खाली लिहा.