वृत्तसंस्थांचे नामांतर आणि श्रेयनिर्देश

वृत्तपत्रीय साधनांच्या आधारे संशोधन करणाऱ्यास वृत्तसंस्थांच्या नामांतराचा प्रश्न टाळता येत नाही. याबाबत नियम असा की, वृत्त प्रसिद्ध झाले त्या दिवशी संस्थेचे जे नाव प्रचलित होते, तेच श्रेयनिर्देशात द्यावे; आजचे नाव आवश्यक तेथे चौकटी कंसात जोडावे. सोव्हिएत काळातील ‘तास’ १९९२ मध्ये ‘इतार-तास’ झाली आणि २०१४ मध्ये पुन्हा ‘तास’. म्हणून २००५ च्या वृत्ताखाली ‘इतार-तास’ हेच नाव हवे.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. आणीबाणीत, १९७६ साली, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती यांचे ‘समाचार’ या एकाच संस्थेत विलीनीकरण करण्यात आले. १९७८ मध्ये त्या पुन्हा स्वतंत्र झाल्या. मधल्या काळातील वृत्ताखाली सोयीसाठी ‘पीटीआय’ लिहिणे ही केवळ तांत्रिक चूक नव्हे. चार स्रोतांच्या जागी एकच उरला होता, ही वस्तुस्थितीच त्यामुळे वाचकाच्या दृष्टीआड होते. ‘समाचार’चे एकच वृत्त चार दैनिकांत आढळले, तरी अभ्यासकाने तो पुरावा एकच मानावा.