सळईतला पीळ

दर डिसेंबरात माझ्या पिकअपचं नाक खाली जातं. मी मिशिगनमध्ये राहतो. हिवाळ्यात माझ्या आणि शेजारच्या तीन-चार घरांपुढचा बर्फ मीच लोटतो. त्यासाठी २००४ सालच्या शेव्हरोले सिल्व्हराडोला पुढून एक लोखंडी फाळ बसवतो. इथले लोक त्याला सरळ नांगरच म्हणतात. वजन अडीचशे किलोच्या घरात. नांगर जमिनीवरून उचलला, की वैरणीत तोंड घालणाऱ्या बैलासारखी गाडी पुढे वाकते. पहिल्या वर्षी टेप लावून पाहिलं, तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चांगलं दीड इंचाने घटलं होतं.

पलीकडच्या घरात एक निवृत्त मेकॅनिक राहतात. ते म्हणाले, ‘खाली दोन बोल्ट आहेत. आवळ, गाडी वर येईल.’ मी उत्साहाने दोन्ही बोल्टना आठ-आठ फेरे दिले. नांगर काढल्यावरही गाडी अशी ऐटीत उभी राहिली, की मी चार बाजूंनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटक ओलांडताना पुढून ‘ठक्क’ असा आवाज आला आणि कपातली कॉफी मांडीवर सांडली. त्या आवाजाचा माग काढतानाच मला ही यंत्रणा खरी कळली.

ओली चादर दोघांनी मिळून पिळायची म्हटलं, की एक जण टोक घट्ट धरतो आणि दुसरा पीळ देतो. दुसऱ्याने हात सोडला, की चादर उलटी फिरून सैल होते. टॉर्शन बार म्हणजे अशीच पिळली जाणारी पोलादी सळई. माझ्या गाडीत तिचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये बसतं आणि मागचं टोक चासीच्या आडव्या तुळईतल्या एका खुंटीत. चाक वर उचललं गेलं, की आर्म फिरतो, सळईला पीळ बसतो आणि ती चाकाला परत खाली ढकलते. पाटे नाहीत, गुंडाळीची स्प्रिंग नाही. सगळं काम एका सरळ सळईचं.

ही कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सिऑन अव्हाँमध्ये ती होती, पुढे फोक्सवॅगन बीटलमध्ये आली. १९६५ च्या युद्धात खेमकरणला आपल्या सैन्याने पकडलेले पॅटन रणगाडेही अशाच सळयांवर चालत. आणि आपल्याकडची टोयोटा क्वालिस? तिच्याही पुढच्या चाकांना याच सळया. साताऱ्याला मामांच्या क्वालिसखाली झोपून मेकॅनिक बोल्ट आवळायचा आणि ‘गाडी उचलली’ म्हणायचा, ते मी लहानपणी पाहिलं होतं. त्याने नेमकं काय उचललं, हे मात्र या बर्फात कळलं.

तो बोल्ट मागच्या खुंटीला रेटतो. खुंटी थोडी फिरते, तिच्याबरोबर अख्खी सळई फिरते, पुढचा आर्म खाली दाबला जातो आणि गाडी वर येते. इथे जवळजवळ प्रत्येकाची फसगत होते, माझीही झाली. वाटतं, सळईला जास्त पीळ दिला म्हणजे ती जास्त कडक झाली. तसं होत नाही. सळईवर गाडीचं वजन पूर्वीइतकंच असतं, म्हणून उभ्या गाडीत तिच्यातला पीळही पूर्वीइतकाच राहतो. वजनकाटा जमिनीवर ठेवा की टेबलावर, पोत्याचं वजन तेवढंच भरतं. बदलते ती फक्त उंची.

सळईचा ताठरपणा तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढवली, तर ताठरपणा जवळपास दीडपट होतो. लांबी दुप्पट केली, तर निम्मा. बोल्टने यातलं काहीच बदलत नाही.

मग गाडी हादरत का होती? आर्मला वर-खाली हलायला ठरावीकच जागा असते. मी गाडी उचलली, ती खाली जायच्या जागेतून उसनवारी करून. आर्म आधीच लोंबलेला. चाक खड्ड्यात उतरलं, की तो लगेच थांब्याच्या रबरावर आपटायचा. तोच ‘ठक्क’. शिवाय चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाडीत पुढच्या चाकांकडे जाणारे दांडे जास्त तिरके होतात, त्यांचे सांधे आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात. चाकांचा कोन बदलतो, टायर एका कडेने खाल्ले जातात. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते वेगळंच.

आता माझी पद्धत ठरली आहे. आधी सपाट जागी दोन्ही बाजूंची उंची मोजून लिहून ठेवायची. चासीखाली जॅक लावून चाकं लोंबती करायची, स्टँड लावायचे, मगच बोल्टला पाना लावायचा. गाडीचं वजन अंगावर असताना बोल्ट फिरवला, तर आटे जातात. एका वेळी एक फेरा, दोन्ही बाजूंना. गाडी खाली घेतली, की थोडी पुढे-मागे न्यायची, कारण अडकलेले टायर मोकळे झाल्याशिवाय माप खरं येत नाही. फेरे सारखे दिले म्हणजे उंची सारखी येते असंही नाही. माझ्या गाडीत चालक आणि इंधनाची टाकी दोघंही डावीकडे, त्यामुळे डाव्या बोल्टला थोडा जास्त फेरा लागतो. मी दोन सुतांचा फरक चालवून घेतो. शेवटी अलाइनमेंट, ती चुकवायची नाही.

सळई मात्र घरी उतरवू नये. खुंटीवर प्रचंड ताण असतो आणि तो सोडायला खास पुलर लागतो. डाव्या-उजव्या सळयांची अदलाबदलही चालत नाही. एकाच दिशेने पिळली जाण्यासाठीच ती घडवलेली असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर पोलाद आहे.

आठ फेऱ्यांपैकी पाच मी त्याच आठवड्यात सोडले. नांगर लावला, की नाक अजूनही थोडं वाकतं. मागच्या चाकांच्याही मागे वाळूची पोती टाकतो, म्हणजे पुढचा भार थोडा हलका होतो. मार्चमध्ये नांगर उतरला, की उरलेले तीन फेरेही सोडतो. तुमची गाडी बसली असेल, तर इंचभर उचला, त्यापुढे जाऊ नका. आणि जास्त ओझं वाहायचं असेल, तर बोल्टकडे नव्हे, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेकडे बघा. बोल्ट उंची देतो, ताकद देत नाही.