गेममधला देव मरतो कसा? एचपी, फ्लॅग आणि वरदानातली फट

दिवाळीत हिवरखेडला (ता. तेल्हारा, जि. अकोला) गेलो होतो. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र गच्चीवर कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन रोलप्लेइंग गेम खेळत बसले होते. पुतण्या गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा. पण खेळ अडला होता. "काका, मी म्हणतो देव अमर हाय. हे म्हणतात, मंग खेळाचं कायले?"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणून त्यांना जे सांगितलं, तेच इथे मांडतो. गेममध्ये देवाचं अमरत्व तीन प्रकारे लिहिता येतं.

1) आकडा
1980 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' हे पुस्तक आलं. त्यात देवांना हिट पॉइंट्स, म्हणजे एचपी दिले होते. झ्यूसचे 400. आपले इंद्र-अग्नीसुद्धा त्यात होते! पण एकदा आकडा आला की उरते फक्त वजाबाकी. 'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन गेममधला केराफिर्म ड्रॅगन कोणाच्याच हातून मरणार नाही, असं धरलं होतं. 2003 मध्ये दोनशेच्या आसपास खेळाडूंनी मिळून काही तासांत त्याला संपवलं.

2) फ्लॅग
इथे प्रोग्राममध्ये सरळ लिहिलेलं असतं: 'अमर = हो' असेल, तर नुकसान शून्य. पण हा स्विच बंद राहिला तर? 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'च्या चाचणीत तेच झालं. गेमचे निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' हा राजा बनून आले होते. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर त्यांचं अमरत्व पुन्हा चालू करायचं राहून गेलं. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि त्या जगाचा कर्ताच मेला.

3) अट
ही पद्धत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. हिरण्यकशिपूचं वरदान आठवा: ना माणूस, ना पशू, ना दिवस, ना रात्र, ना घरात, ना बाहेर. ही अटींची यादीच आहे, आणि नरसिंहाने प्रत्येक दोन अटींच्या मधली फट पकडली. महिषासुराने तर यादीत स्त्री धरलीच नाही.

खेळासाठी तिसरी पद्धत सगळ्यात चांगली. आकड्यात फक्त ताकद लागते, फ्लॅगमध्ये निर्मात्याची चूक लागते, अटीत मात्र डोकं लागतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. अटीचे धागेदोरे आधीच्या गोष्टीत पेरून ठेवा, नाहीतर खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं. आणि देव मारण्याची किंमत ठेवा. देव गेला तर त्याने सांभाळलेलं काय जाईल?

पुतण्याने पाच मिनिटांत नियम लिहिला. देवळातला नंदादीप तेवतोय तोवर देव अमर. पण दिवा विझला, तर गावातल्या विहिरी आटतील.

मित्रांनी नंदादीप तासाभरात शोधून काढला. त्यानंतर रात्री अकरापर्यंत तो विझवायचा की नाही यावरच भांडण चालू होतं. फाशांना कोणी हातही लावला नाही.

तुम्ही गेम मास्टर असता, तर कोणती अट ठेवली असती?