घरातले दगडी कारंजे : जुना दगड, नवा दगड आणि पाणी

लष्करातले जुने वाडे एकेक करून उतरत आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-बंगळुरूला गेली, पावसाळ्यात माडी गळू लागली. कारणे घरोघरी तीच. वाडा पाडताना सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळते. दगड मात्र मलब्याच्या ट्रॉलीत जातो. त्यातूनही कोणी देवळीची कमान, कोणी सज्जाखालचा कोरीव टेकू, कोणी खांबाची बैठक आठवण म्हणून उचलून आणतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत ती आठवण केरसुणीशेजारी पडून राहते. मंडळातल्या आम्हा पाच-सहा जणांना यावरूनच सुचले की अशा दगडाचे टेबलावर ठेवण्याजोगे छोटे कारंजे करावे. दगड दिवाणखान्यात येईल आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पाण्याचा आवाज तरी कानावर पडेल.

पहिला प्रयोग एका सभासदांच्या देवळीवरच्या कमळावर केला. मधोमध ड्रिलने आरपार भोक पाडले, त्यातून नळी वर आणली, खाली पितळी परात आणि परातीत लहानसा पंप. पाकळ्यांवरून पाणी उतरू लागले तेव्हा जो तो बघायला आला. दोन महिन्यांनी पाकळ्यांच्या टोकांवर पांढरी पूड दिसू लागली. पुसली, पुन्हा आली. दिवाळीच्या सुमारास बोट फिरवले की साखरेसारखे कण हाताला लागत. भिंतीत इतकी वर्षे टिकलेली नक्षी आम्ही एका मोसमात बोथट केली.

झाले काय ते नंतर नीट समजून घेतले. भिंतीला लोणा लागतो तसाच दगडालाही लागतो. आपल्याकडचा दगड वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण घट्ट बसून झालेला. कणांमध्ये बारीक पोकळ्या असतातच. भिंतीत असताना चुना, विटा आणि जमिनीची ओल यांतले क्षार दगडात शिरतात आणि कोरडेपणी तिथेच पडून राहतात. आपण वरून पाणी सोडले की ते विरघळतात, पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात. तिथे पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. त्यांचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि कण ढकलून बाहेर काढतात. म्हणूनच परातीत सतत बुडालेला भाग शाबूत राहिला आणि वरचा कायम कोरडा भागही. गेली ती मधली ओळ, जिथे दिवसा ओल आणि रात्री कोरड अशी रोज अदलाबदल होत होती. नक्षीच्या कडा नेमक्या तिथेच होत्या.

तेव्हापासून आमचे मत पक्के आहे: जुना कोरीव दगड कोरडाच ठेवावा, आणि पाण्यासाठी नवा दगड नव्याने कोरून घ्यावा. नव्या दगडालाही नळाच्या पाण्यातले क्षार हळूहळू लागतात, पण तो खराब झाला तर दुसरा घडवता येतो. पणजोबांच्या देवळीचे कमळ पुन्हा घडत नाही. (कुठल्याही किल्ल्याचा, छत्रीचा किंवा देवळाचा पडलेला तुकडा उचलून आणण्याचा प्रश्नच नाही, हे वेगळे सांगायला नको.)

नवा दगड घडवणारे हात आपल्याच गावात आहेत. गडाच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आणि मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्याच्या जाळ्या ज्या शहरात आहेत तिथे कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही. दगड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. हातोडीने हलकेच वाजवावा. खणखणीत वाजला तर आत चीर नाही, बद्द वाजला तर परत करावा. एका बाजूला पाण्याचा थेंब टाकावा. क्षणात शोषला गेला तर दगड फार सच्छिद्र आहे. खात्री हवी असेल तर कोरडा तुकडा तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. शंभर ग्रॅममागे एक-दोन ग्रॅम वाढले तर चालेल, पाच-सहा वाढले तर नको. तिसरी परीक्षा लिंबाची. मागच्या बाजूला लिंबाचा रस टाकून फेस येतो का पाहावा. फेस आला तर दगडात चुना आहे, आणि अशा दगडावर पुढे कधीही व्हिनेगर किंवा लिंबाने सफाई करायची नाही. संगमरवराला तर नाहीच नाही. इथल्या बाजारात मिंट नावाने मिळणारा फिकट रंगाचा वालुकाश्म आम्हाला बरा वाटला. त्यावर पाण्याची हालचाल ठळक दिसते.

वजनाचा अंदाज आधीच घ्यावा. ३० सेंटीमीटर उंच, २० रुंद आणि ४ जाड अशी पाटी सुमारे साडेपाच किलोची होते. खालचे दगडी भांडे आणि तीन-चार लिटर पाणी धरले तर सगळे मिळून पंधरा किलोच्या पुढे जाते. शोकेसच्या काचेवर हे ठेवू नये.

नक्षी कोणती? कमळाचा मोह सगळ्यांनाच होतो. शनिवारवाड्यातले हजारी कारंजेही कमळाच्याच आकाराचे. पण त्यासाठी कात्रजच्या तलावाचे पाणी उंचावरून नळाने येत होते. टेबलावरच्या पंपाला तेवढा जोर नसतो. आम्हाला काश्मीरच्या शालिमार आणि निशात बागांमधली चादर अधिक उपयोगी वाटली. चादर म्हणजे उतरती कोरीव शिळा. तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी किंवा नागमोडी नक्षी असते, पाणी तिच्यावर आपटत उतरते आणि थोडेसे पाणीही फेसाळ, चमकते दिसते. छोट्या पाटीवर खवल्यांची खोली चार-पाच मिलिमीटर पुरते. त्याहून कमी असली तर पाणी सरळ ओघळून जाते. पाटी उभी ताठ न ठेवता किंचित मागे झुकवावी, नाहीतर पाणी दगड सोडून समोर उडते.

कारागिराला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पाटीच्या डोक्यावर बोटभर खोल पन्हळ हवी. नळीचे तोंड त्या पन्हळीच्या तळाशी असावे, म्हणजे पाणी आधी शांत होते आणि मग कडेवरून सारखे पसरते. ही कड पाणसळीत हवी. एक कोपरा दोन मिलिमीटर खाली असला तर सगळे पाणी तिकडूनच जाते. आमच्या दुसऱ्या कारंज्याचे तसेच झाले आणि शेवटी खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून भागवले. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी जिथून सुटून खाली पडते त्या ओठाच्या खालच्या बाजूला एक खाच. ती नसेल तर पाणी दगडाला चिकटून मागे वळते आणि टेबल भिजते. जुन्या छज्ज्यांच्या खालच्या कडेला हीच खाच असते, म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात.

आता जरा कडक बोलायचे आहे. दगड घरी कापू नका. ‘ग्राइंडर आहे, गच्चीवर करतो’ असे म्हणणारे उत्साही आमच्यातही होते. वालुकाश्म म्हणजे बहुतांशी गारगोटीचे कण, आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तिच्यापासून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. शेजारच्या राजस्थानात या रोगाने इतके खाणकामगार आणि दगड घडवणारे ग्रासले की सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळे धोरण आणावे लागले. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. कारागिराकडे काम देताना पात्यावर पाणी सोडून कापायला सांगावे. ओल्या कापणीत धूळ पुष्कळ कमी होते. वेळ जास्त लागतो आणि चिखल होतो, म्हणून मजुरी थोडी वाढते. ती घासाघीस न करता द्यावी. जमल्यास एन-९५ मास्कचा एक डबाही न्यावा. आम्ही नेला तेव्हा आधी हसण्यावारी गेला, पण पुढच्या खेपेला कारागिराच्या मुलाने तो लावलेला होता.

खालचे भांडे दगडी असले तरी पाणी दगडात साठवू नये. दुसऱ्या कारंज्यात आम्ही दगडी कुंड काठोकाठ भरून झोपलो आणि सकाळी सागवानी टेबलावर पांढरे कडे उमटलेले. ज्यांचे टेबल होते त्या वहिनी अजून त्याची आठवण काढतात. बाजारात दगडाला लावायचे जलरोधक मिळते. ते पाणी उडवून लावते खरे, पण साठलेल्या पाण्याचा दाब अडवत नाही. पाटीला ते जरूर लावावे, कडांना दोनदा, कारण थरांमधून पाणी तिथूनच शिरते. कुंडात मात्र स्टीलचे पसरट पातेले बसवावे, वर गोटे रचले की ते दिसत नाही. पातेल्याचे तोंड पाणी जितक्या उंचीवरून पडते त्याच्या दुप्पट रुंद असले तर शिंतोडे बाहेर येत नाहीत.

पंपाच्या डब्यावर किती मीटर उंच पाणी चढवतो ते लिहिलेले असते. ती उंची म्हणजे जिथे धार पूर्ण थांबते ती. म्हणून आपल्याला ४० सेंटीमीटर चढवायचे असेल तर किमान ८० चा पंप घ्यावा. कूलरचा पंप इथे फार मोठा होतो. मत्स्यालयाचा लहान पंप किंवा १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा घेतला तर मुले हात घालतील ही धास्तीही कमी होते. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब झोळाशीच गळतो. आणि पंप कोरडा चालू देऊ नये.

आवाजाकडे बहुतेकांचे लक्ष शेवटी जाते, पण खरी गंमत तिथे आहे. थेंबाचा ‘टुप्’ असा आवाज पाण्यावर आपटण्याचा नसतो. थेंबाबरोबर आत गेलेला हवेचा बुडबुडा थरथरतो, त्याचा असतो. मोठा बुडबुडा खालच्या स्वरात बोलतो, लहान बुडबुडा वरच्या. बुडबुडा व्हायला खाली चार बोटे पाणी लागते. उथळ पाण्यात किंवा गोट्यांवर धार पडली तर नुसती सळसळ ऐकू येते. आमच्यातल्या निम्म्यांना टुप् आवडतो, निम्म्यांना सळसळ. गोटे हलवत बसावे, अर्धा तास लागतो. एका आजोबांनी मात्र गोटे काढून टाकून पंप बंदच ठेवला. त्यांना नळ गळतोय असे वाटून झोप येईना.

पाणी कोणते वापरावे? बोअरचे वापरले तर महिन्याभरात दगडावर पांढरा थर चढतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरायची कल्पना आम्हालाही सुचली होती, पण क्षार गाळून त्यातच सोडलेले असतात, म्हणजे ते सगळ्यांत वाईट. आरओचे शुद्ध पाणीच वापरावे. उन्हाळ्यात रोज थोडे उडून जाते, तेवढी भर घालावी. खोली गार होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. त्यासाठी कूलरच हवा.

डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पंप चालू असताना भीती कमी. वीज गेली किंवा आपण पुण्याला लग्नाला गेलो की पाणी स्थिर राहते. दर आठवड्याला पातेले रिकामे करावे आणि काठ ब्रशने घासावा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. गावाला जाताना सगळे कोरडे करूनच जावे.

पहिल्या कमळाचे आम्ही काय केले, हे बरेच जण विचारतात. टिश्यू पेपरचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून त्याच्यावर थापला, पूर्ण वाळू दिला आणि काढून टाकला. वाळताना लगदा दगडातले क्षार ओढून घेतो. असे चार वेळा केल्यावर पूड येणे थांबले. गेलेल्या कडा परत आल्या नाहीत. आता ते कमळ त्या सभासदांच्या देवघराशेजारी भिंतीतल्या फळीवर कोरडे ठेवले आहे. मधले ड्रिलचे भोक तसेच आहे. नातीने त्यात मोरपीस खोचले आहे.